नादी लागलेली मुले

पालकसभेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात घटकाभर उभे राहिले, तर एक वाक्य दरवर्षी हमखास कानी पडते : "मुलगा नादी लागला." कोणाचा मुलगा फुटबॉलच्या नादी लागलेला असतो, कोणाचा मोबाईलवरील खेळांच्या, तर कोणाची मुलगी नृत्याच्या. बोलणाऱ्याच्या मुद्रेवर चिंता असते, आणि शिक्षकाने मुलास दोन कडक शब्द सुनवावेत अशी त्याची अपेक्षाही असते. आम्ही शिक्षक ती अपेक्षा सहसा पुरी करतो. परंतु ती पुरी करताना एकदा आमच्या हातून जी चूक घडली, तिने या साध्या वाक्याचा आम्हांस पुनः विचार करावयास लावले. तो विचार या अंकाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

'नाद' हा शब्द मोठा विलक्षण आहे. संगीतशास्त्रात तो पूज्य मानला जातो. नादाला ब्रह्म म्हणण्यापर्यंत आपल्या शास्त्रकारांची मजल गेली आहे. देवळाच्या घंटेचा नाद ऐकून आपण हात जोडतो. मात्र तोच नाद घरातील मुलास 'लागला' की आपण कपाळाला हात लावतो! स्वर आणि वेड या दोहोंसाठी मराठीने एकच शब्द वापरावा, याचे आम्हांस पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. ज्याला कान आहे त्याला केव्हा तरी वेड लागणारच, ही गोष्ट भाषेने आपल्याआधी ओळखली असावी.

आता ती हकीकत सांगतो. गेल्या शालेय वर्षी इयत्ता नववीच्या वर्गात आमचा मराठीचा तास चालू होता. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी निबंधाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर काही तरी लिहीत होता. आम्ही वही मागितली. पहिल्याच नजरेस एका बँडचे नाव मोठ्या, रंगीत अक्षरांत लिहिलेले दिसले. हा बँड आमच्या बार्देशातीलच. तीन तरुण आणि एक तरुणी मिळून दोन गिटार, ड्रम व कीबोर्ड यांच्या साथीने इंग्रजी व कोंकणी रॉक गीते म्हणत. फेस्तांच्या रात्री मैदानावर जे 'बीट शो' होतात, त्यांत त्यांचा कार्यक्रम असे. आम्ही पुढे काही न वाचता वही जप्त केली व मुलाच्या वडिलांस बोलावून घेतले.

वडील आले. साधे, कष्टाळू गृहस्थ. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवितात. आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच ते म्हणाले, "सर, भुरगो नादाक लागला." मुलगा त्या बँडच्या मागे गावोगाव फिरतो, मित्राच्या स्कूटरवर मागे बसून पर्वरीपासून कोलवाळपर्यंत जातो, घरी जेवतानाही बोटांनी ताटावर ठेका धरतो, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही मान डोलाविली. परीक्षा होईपर्यंत मुलाने एकाही कार्यक्रमास जाऊ नये, असे दोघांच्या विचाराने ठरले. मुलगा काही बोलला नाही. वही आमच्या कपाटात गेली आणि आम्ही ती विसरून गेलो.

मे महिन्यात कपाट आवरताना ती वही पुनः हाती आली. या वेळी आम्ही ती उघडून वाचली, आणि वाचीत असता आमचे आम्हांसच ओशाळल्यासारखे झाले. त्या मुलाने अकरा कार्यक्रमांची नोंद केली होती. प्रत्येक नोंदीत तारीख, गाव, गीतांचा क्रम आणि खाली दोनचार ओळींचा अभिप्राय. एके ठिकाणी लिहिले होते, "तिसऱ्या गाण्यात ड्रम पुढे धावला, गायिका मागे राहिली. चौथ्यात तिने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि तो सावरला." दुसऱ्या ठिकाणी, "हेच गाणे आज संथ म्हटले. मागच्या वेळी लोक नाचले होते, आज गप्प उभे राहिले. मला आजचे अधिक आवडले, पण का ते सांगता येत नाही." आणखी एका नोंदीत, "पाऊस आला, वीज गेली. तिने ध्वनिक्षेपकाशिवाय गाणे पुरे केले. मागे उभे असलेल्यांना ऐकू आले नसेल. पण कोणी हलले नाही."

याच वहीच्या पुढच्या भागात आम्ही दिलेला 'माझा आवडता ऋतू' हा निबंध होता. तो कोणत्या मार्गदर्शक पुस्तकातून उतरून घेतला होता, हे आम्हांस पहिल्या ओळीवरूनच कळले. त्या निबंधास आम्ही दहापैकी सात गुण दिले होते! आणि ज्या पानांवर त्या मुलाने स्वतःच्या कानांनी ऐकलेले स्वतःच्या शब्दांत लिहिले होते, ती पाने आम्ही गुन्ह्याचा पुरावा म्हणून कुलुपात ठेवली होती. रसग्रहण, रसग्रहण म्हणून आम्ही वर्गात जे घसा कोरडा करून शिकवितो, ते याहून निराळे काय असते?

येथे कोणी म्हणेल, की नोंदी चांगल्या असतील, पण हे रॉक अँड रोलचे खूळ आपले नव्हे. या आक्षेपाचा विचार केला पाहिजे.

रॉक अँड रोल हे संगीत १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत पुढे आले. तेथील कृष्णवर्णीयांचे 'रिदम अँड ब्लूज' आणि खेड्यापाड्यांतील श्वेतवर्णीयांचे 'कंट्री' अशा प्रवाहांच्या संगमातून ते जन्मले. म्हणजे त्याचे मूळ परकीय, यात शंका नाही. परंतु परकीय म्हणून दूर लोटावयाचे ठरविले, तर त्या मुलाच्या वडिलांची पेटीही हातून जाईल! हार्मोनियमचे पेटंट अलेक्सांद्र दबाँ या फ्रेंच कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले. ते वाद्य भारतात आले आणि घरोघरी व देवळोदेवळी जाऊन बसले. तरीही ते परके, आपल्या श्रुतींना न जुळणारे, असे मानून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्याला बंदी केली होती. ज्या पेटीवाचून आज भजन सुचत नाही, ती पेटी तीस वर्षे नभोवाणीच्या दाराबाहेर उभी होती. पुढे आमच्या गोमंतकातील बोरी गावचे सुपुत्र पंडित तुळशीदास बोरकर यांना त्याच पेटीच्या साधनेबद्दल २०१६ साली पद्मश्री मिळाली. वाद्याला जात नसते व गावही नसते. ज्याचा हात त्यावर बसला, त्याचे ते होते.

आणि गोमंतकीयांचा हात तर या संगीतावर फार पूर्वीच बसला आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून चालणाऱ्या शाळांतून आमच्याकडील मुले स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकली. त्यांतील कित्येक जण पोटासाठी मुंबईस गेले व तेथील नृत्यगृहांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत स्थिरावले. म्हापशापासून थोड्याच अंतरावर असलेल्या हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेले आंतोनियु झेवियर वाझ हे त्यांपैकीच एक. ट्रम्पेटवादनामुळे त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत, आणि लोक त्यांना 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखीत. सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराच्या गाण्यांना त्यांचे साहाय्य असे. याच सी. रामचंद्रांनी १९५७ च्या 'आशा' या चित्रपटासाठी 'ईना मीना डिका' हे गीत बांधले. हिंदी चित्रपटांतील अगदी आरंभीच्या रॉक अँड रोल गीतांत त्याची गणना होते. त्यातील अर्थहीन शब्दांच्या माळेत 'मला नको' अशा अर्थाचे कोंकणी बोल एका गोमंतकीय वादकाने ओवले, असे सांगतात. सारा देश ज्या गीतावर नाचला, त्यात आमच्या घरातील बोली होती. मग ते परके कसे?

त्याहून जवळचे उदाहरण शिवोलीचे. १९५३ साली पणजीस जन्मलेले रेमो फर्नांडिस यांनी मुंबईस वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, युरोपात भ्रमंती केली आणि ते शिवोलीच्या आपल्या घरी परतले. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या दारी ताटकळत न बसता त्यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही आपली ध्वनिफीत घरातील लहानशा यंत्रावर स्वतःच मुद्रित केली. गीते त्यांची, गायन त्यांचे, वाद्ये त्यांनीच वाजविलेली, वेष्टनावरील चित्रही त्यांचेच. एवढे करून ते थांबले नाहीत. स्कूटरवर कॅसेटी लादून त्या दुकानोदुकानी स्वतः पोहोचत्या केल्या. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रॉक गाणारी मुले आळशी व उडाणटप्पू असतात, असे म्हणणाऱ्यांनी त्या स्कूटरची आठवण ठेवावी.

पालकांच्या मनात आणखी एक भीती असते आणि ती उघड बोलली जात नाही. आमच्या किनाऱ्यावर संगीताच्या नावाखाली रात्री काय काय चालते, ते सर्वांना ठाऊक आहे. गर्दसारख्या विषाने कित्येक घरे उद्ध्वस्त केली. ही भीती खोटी नाही व आम्ही ती हसण्यावारी नेणार नाही. परंतु तो दोष गिटारीच्या माथी मारण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे, की याच रेमोंनी १९८६ साली 'पॅक दॅट स्मॅक' नावाची जी ध्वनिफीत काढली, तिचे शीर्षकगीतच गर्दच्या विरोधात होते. कार्यक्रम कोठे आहे, कोणाबरोबर जातो, केव्हा परत येतो, हे मुलास विचारण्याचा पालकांना अधिकार आहे. किंबहुना ते त्यांचे कर्तव्यच आहे. शिवाय इ. स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, अपवादाचे थोडे दिवस सोडले, तर रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकांस मनाईच केली आहे. म्हणजे मुलांनी दहानंतर घरी परतावे, याची तजवीज कायद्यानेच करून ठेविली आहे! ही सवलत आमच्या आजोबांच्या आईबापांस नव्हती.

आमचे आजोबा पेडणे महालातील. जत्रांचा हंगाम सुरू झाला, की ते घरात दिसत नसत. एका दशावतारी मंडळीवर त्यांची अशी भक्ती जडली होती, की ती मंडळी ज्या देवळाच्या दहीकाल्यास जाई, तेथे हे हाती पेटती चूड घेऊन डोंगर तुडवीत जात. मध्यरात्री गणपती, सरस्वती, मग तो विनोदी संकासूर, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत आख्यान. "कालचेच आख्यान आज पुनः काय बघायचे?" असे पणजी विचारी. आजोबांचे उत्तर ठरलेले असे : "काल बघितले ते काल गेले." दशावताराला लिहिलेली संहिता नसते; पात्रे रंगावर उभी राहून आयत्या वेळी संवाद रचतात. राजा काल जे बोलला, ते आज बोलेलच असे नाही. आणि राजा जे बोलेल, त्याला राणीने काय उत्तर द्यावयाचे, हे तिलाही तेव्हाच ठरवावे लागते. पखवाजावर थाप कशी पडते, त्यावर युद्धाचा रंग ठरतो. आजोबा त्या थापेसाठी जात. नात्यागोत्यात त्यांना 'नादी लागलेला' म्हणत. तेच आजोबा पुढे आम्हांस रामायण-महाभारताच्या कथा सांगत आणि प्रत्येक पात्राचा आवाज निराळा काढीत. आमच्या कानावर मराठीचा पहिला संस्कार त्या आवाजांनीच केला. घरात आम्ही कोंकणी बोलत होतो. ओघवती, भारदस्त मराठी आम्ही प्रथम ऐकली, ती आजोबांनी जत्रेतून उचलून आणलेली.

मराठी रंगभूमीचा इतिहास तर अशा वेड्यांनीच भरलेला आहे. बालगंधर्वांच्या पदास 'वन्समोअर' देणारे आणि केशवराव भोसल्यांच्या तानेवर जीव टाकणारे, असे प्रेक्षकांचे दोन पक्षच होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघा नटांनी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. आपला नट मोठा की त्यांचा, अशा वादात रमणारे दोन्ही पक्ष त्या रात्री एकाच नाट्यगृहात शेजारी शेजारी बसले. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे निधन झाले. ज्यांनी तो प्रयोग पाहिला, त्यांनी तो जन्मभर सांगितला. ज्यांना जाता आले नाही, त्यांनी जन्मभर हळहळ केली.

या हळहळीतच आमच्या विषयाचे मर्म आहे. जिवंत प्रयोगाची दुसरी प्रत नसते. आजच्या विद्यार्थ्याच्या खिशात जगातील सगळे संगीत आहे. मोबाईलवर बोट ठेवले की हवे ते गाणे हवे तितक्या वेळा ऐकता येते. त्याचे लाभ आहेत. पण तेथे गायक चुकत नाही, पाऊस येत नाही, आणि ऐकणाऱ्याकडे पाहून गायक आपली लय बदलीत नाही. मैदानावरील कार्यक्रमात हे सारे घडते. तेथे आपण ऐकतो म्हणून गाणारा तसा गातो. अमेरिकेत १९६५ साली 'ग्रेटफुल डेड' नावाचा एक बँड निघाला. १९९५ पर्यंतच्या तीस वर्षांत त्याने दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले, आणि कोणतेही दोन कार्यक्रम सारखे नसावेत अशी त्याची रीत होती. त्याचे चाहते गावामागून गाव त्याच्याबरोबर हिंडत आणि कोणत्या रात्री कोणती गीते कोणत्या क्रमाने झाली, याच्या नोंदी ठेवीत. बँडनेही त्यांचा कधी उपहास केला नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी १९८४ पासून मैदानावर वेगळी जागा राखून ठेवली. चाहत्यांच्या त्या नोंदींची पुढे पुस्तके निघाली. आमच्या कपाटातील वही त्याच जातीची होती. आजोबांना लिहिता येत असते, तर त्यांनीही तशी एक वही ठेवली असती.

एवढे सांगितल्यावर विद्यार्थ्यांस वाटेल, की सरांनी आम्हांस पूर्ण मुभा दिली. तसे नाही. नादी लागणाऱ्याने काही पथ्ये पाळावयास हवीत, आणि तीं न पाळल्यास काय होते, याचे उदाहरण जगातील सर्वांत प्रसिद्ध बँडनेच घालून दिले आहे.

इंग्लंडातील लिव्हरपूल शहरात 'कॅव्हर्न' नावाचे एक तळघर होते. तेथे १९६१ ते १९६३ या काळात 'बीटल्स' या चौघा तरुणांनी जवळजवळ तीनशे कार्यक्रम केले. जागा अरुंद, हवा कोंदट. परंतु पुढे बसलेला श्रोता आणि गाणारा यांत हातभराचे अंतर. बीटल्सची घडण अशा श्रोत्यांपुढे झाली. पुढे कीर्ती वाढली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्यांना पाहावयास सुमारे पंचावन्न हजार लोक जमले, आणि त्या साऱ्यांनी मिळून अशी किंकाळी फोडली, की गाणाऱ्यांना स्वतःचे गाणे ऐकू येईना. आपण काय वाजवितो ते आपल्यालाच कळत नाही आणि ऐकणाऱ्यालाही त्याची गरज दिसत नाही, मग वाजवावे कशाला? या व अशा कारणांनी कंटाळून त्यांनी २९ ऑगस्ट १९६६ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमानंतर तसे दौरे कायमचे बंद केले. चाहत्यांच्या प्रेमानेच चाहत्यांचे सुख हिरावून घेतले, ते असे.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, पहिले पथ्य हे, की ऐका. टाळी वाजवावी, पाय थिरकू द्यावेत, पण कानाचे दार ओरडण्याने बंद करू नये. मोबाईल उंच धरून सारा कार्यक्रम त्या चौकटीतून पाहणारा मनुष्य तेथे असून नसल्यासारखाच. दुसरे पथ्य, गाण्यावर प्रेम करावे, गाणाऱ्याची पूजा करू नये. तो चुकला तर चुकला असे म्हणता आले पाहिजे. त्या मुलाला 'ड्रम पुढे धावला' असे लिहिता आले, तसे. त्याचा पोशाख, त्याचे केस, त्याच्या सवयी यांची नक्कल करणे सोपे असते. त्याने रोज चार तास केलेला रियाज मात्र कोणी उचलीत नाही. तिसरे पथ्य, आपल्या नादाचा भार दुसऱ्यावर टाकू नये. तिकिटाचे पैसे घरच्यांकडून रडून मिळवू नयेत, साठवावेत. आणि अभ्यास पुरा करून जावे. ज्याला गीतांचा क्रम पाठ होतो, त्याला सनावळीही पाठ होते, असा आमचा अनुभव आहे.

आता पालकांस एक विनंती. मुलगा नादी लागला असे दिसले, तर त्याला अडविण्यापूर्वी एकदा त्याच्याबरोबर जाऊन ऐका. तुम्हांस ते आवडेलच असे नाही. परंतु आपल्या मुलाने आपल्या घराबाहेर पहिल्यानेच काही तरी मनापासून निवडले आहे. ते काय आहे, हे पाहण्याइतका वेळ आपण त्याला दिला पाहिजे. आम्ही तो दिला नाही. त्याची किंमत कोणी मोजली, ते सांगून हा लेख संपवितो.

शाळा जूनमध्ये पुनः उघडली तेव्हा आम्ही ती वही घेऊन त्या मुलाकडे गेलो. ती त्याच्या हाती देऊन म्हणालो, "पुढचा कार्यक्रम केव्हा आहे? आम्हीही येतो म्हणतो." तो जरा वेळ वहीकडे पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "सर, तो बँड आता नाही. गिटार वाजविणारा बोटीवर नोकरीला गेला, ड्रमवाला आखातात. शेवटचा कार्यक्रम एप्रिलात झाला." एप्रिलात त्याची परीक्षा संपली होती. पण परीक्षा संपली, आता तू मोकळा आहेस, हे त्याला सांगावयाचे वडिलांच्या ध्यानी राहिले नाही व आमच्याही राहिले नाही. वही आमच्या कपाटात होती. आम्ही त्याची क्षमा मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागावी, याचा त्यालाच अधिक संकोच वाटला.

आमच्या गोमंतकात हे नित्याचेच आहे. चार मुले एकत्र येतात, तीनचार वर्षे गावे जागवितात आणि मग पोटाच्या मागे चार दिशांना जातात. त्यांच्या नावाची ध्वनिफीत निघत नाही, कोणी त्यांच्यावर पुस्तक लिहीत नाही. ती गाणी खरोखर झाली होती, याची साक्ष द्यावयास अशी एखादी वहीच काय ती उरते. त्या वहीत अकरा नोंदी आहेत. बारावी असावयास हवी होती, ती नाही, आणि आता कधीच होणार नाही.

तथापि त्या मुलाने लिहिणे सोडलेले नाही. श्रावणात तो वडिलांबरोबर गावच्या भजनास गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन वही आमच्यापुढे ठेवली. नव्या पानावर तारीख होती, देवळाचे नाव होते, अभंगांचा क्रम होता आणि खाली लिहिले होते : "दुसऱ्या अभंगात पखवाज पुढे धावला. बाबांनी पेटीवर सूर लांबविला, मान वर करून एकदा त्याच्याकडे पाहिले, आणि तो सावरला."

आम्ही त्यावर गुण दिले नाहीत. फक्त विचारले, "बाबांना दाखविलेस?" तो म्हणाला, "अजून नाही, सर." हा अंक त्यांच्या घरी जाईल, तेव्हा त्यांनी ती वही मागून घ्यावी.